नोकरी देणारा, घेणारा आणि मधला : प्रस्तावना

जानेवारी २०२४ मध्ये लखनौच्या अलीगंज भागातल्या शासकीय आयटीआयच्या आवारात गवंडी, टाइल्स बसवणारे, शटरिंगवाले आणि सळया वाकवणारे कारागीर कित्येक दिवस रांगा लावून उभे होते. ऑक्टोबर २०२३ मधल्या हमासच्या हल्ल्यानंतर इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे कामावर येणे बंद केले होते आणि तिथली बांधकामे अडली होती. भरती राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत चालली होती, हाताची परीक्षा घ्यायला इस्रायली माणसे आली होती आणि पगार महिन्याला सुमारे १ लाख ३७ हजार रुपये सांगितला जात होता. वर्तमानपत्रांनी युद्धाबद्दल लिहिले, बेरोजगारीबद्दल लिहिले, धुक्यात कुडकुडणाऱ्या माणसांचे फोटो छापले. ते सगळे योग्यच होते. पण त्या बातम्यांत एक लहान आकडा होता आणि त्याच्यावर कोणी थांबले नाही : निवड झालेल्या कामगाराने महामंडळाला द्यायचे शुल्क सुमारे १०,००० रुपये.

हा आकडा दुसऱ्या दोन आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला भारतीय नियमांप्रमाणे कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. आणि गोरखपूर, कुशीनगर, देवरिया, आझमगड या जिल्ह्यांतला माणूस आखाती देशातल्या वीस-पंचवीस हजारांच्या नोकरीसाठी गावातल्या दलालाला प्रत्यक्षात जे देतो ते लाखाच्या घरात जाते. काम तेच : रिकाम्या जागेपर्यंत माणूस पोहोचवणे. त्याचे तीन भाव. हा फरक कामाच्या दर्जातून येत नाही. पैसे कोणाच्या खिशातून निघतात, कोणत्या क्षणी निघतात आणि ते कशावर मोजले जातात, यातून तो येतो. नोकरीच्या बाजारातल्या मध्यस्थाचे सगळे वागणे, त्याची तत्परता, त्याचे गोड बोलणे, त्याचे अचानक फोन न उचलणे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून कळते. हे पुस्तक त्या तीन प्रश्नांचे आहे.

मराठी वाचकासाठीचे पुस्तक लखनौत बसून का लिहावे, असे कोणी विचारील. मी या शहरात मनुष्यबळ विभागातल्या नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. पण ते कारण पुरेसे नाही. खरे कारण असे, की मध्यस्थीचे जेवढे प्रकार या देशात आहेत तेवढे सगळे या एका शहरात एकाच वेळी चालू दिसतात. सुलतानपूर रोडवरच्या आयटी सिटीसाठी इंजिनिअर शोधणारे रिक्रूटर आहेत. गोमतीनगरच्या विभूतीखंडातल्या कार्यालयांना महिनाभरात पन्नास टेलिकॉलर पुरवणाऱ्या एजन्सी आहेत. सचिवालयात, रुग्णालयांत, नगर निगमात कंत्राटावर माणसे लावणारे ठेकेदार आहेत. आणि पूर्वांचलातून आखातात जाणाऱ्यांचे कागद करून देणारी, बोर्ड असलेली आणि नसलेली दुकाने आहेत. दहावी न झालेल्या कामगारांना ज्या अठरा देशांत जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते, त्या देशांसाठीच्या परवानग्या घेऊन जाणाऱ्यांत उत्तर प्रदेश वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. मुंबईत हे सगळे आहेच, पण तिथे ते गर्दीत हरवते.

या धंद्याचा इतिहास अवधच्या मातीत खोलवर गेलेला आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, सुरीनाम, फिजी इथल्या उसाच्या मळ्यांसाठी मजूर लागत. त्यांची भरती करणारे वसाहतींचे एजंट कलकत्त्यात बसत, त्यांच्या हाताखाली परवानाधारक रिक्रूटर आणि त्यांच्याही खाली गावोगाव, बाजारात, स्टेशनावर, यात्रेत फिरणारे आरकाटी. बस्ती, गोंडा, फैजाबाद या जिल्ह्यांतून माणसे गोळा करून आधी जवळच्या उपडेपोत आणि मग कलकत्त्याच्या डेपोत नेली जात. मोबदला डोईमागे मिळे. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असल्याच पाहिजेत असा नियम असल्याने स्त्रीमागचा दर जास्त. डोईमागे पैसे आणि स्त्रीमागे जास्त पैसे, या दोन गोष्टी कळल्या की त्या काळातल्या फसवणुकीच्या, पळवून नेण्याच्या आणि घरातून बाहेर पडलेल्या विधवांना हेरण्याच्या कहाण्या वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

फिरोजाबादकडचे तोताराम सनाढ्य १८९३ मध्ये अलाहाबादला अशाच एका आरकाट्याच्या बोलण्यात आले आणि एकवीस वर्षे फिजीत राहून परतले. त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक केले आणि ते गिरमिटविरोधी, म्हणजे करारबद्ध मजुरीच्या पद्धतीविरुद्धच्या, चळवळीचे हत्यार ठरले. त्यांना दिवसाला बारा आणे मिळतील असे सांगितले गेले होते. मला यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी वाटते, की तो आकडा खोटा नव्हता. करारात दिवसाला एक शिलिंग, म्हणजे बारा आणेच होते. फक्त ते ठरवून दिलेले काम पुरे केले तर मिळायचे, आणि ते काम एका दिवसात पुरे करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. आरकाट्याने रक्कम सांगितली आणि अट गाळली. आजच्या जाहिरातीतले मोठे ‘पॅकेज’ वाचताना हे आठवावे. त्यातली किती रक्कम ठरलेली, किती कामगिरीवर अवलंबून, किती वर्षअखेरीला आणि तेही कंपनीची मर्जी असेल तर, हे विचारणारा उमेदवार मला क्वचित भेटतो.

गिरमिटाविरुद्ध कायदेमंडळात आवाज उठवणारा माणूस मराठी होता. नाताळला जाणारी गिरमिटिया भरती बंद करावी हा गोपाळ कृष्ण गोखले यांचा ठराव १९१० मध्ये मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सगळी गिरमिट पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला, आणि तो सरकारी मतांनी पडला. भरती थांबायला १९१७ साल उजाडावे लागले. फिजीला तोपर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे गेली होती. त्या काळात निर्माण झालेले उत्प्रवासी संरक्षक हे पद मात्र टिकले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ते नव्या रूपात चालू ठेवले, आणि पूर्वांचलातून जाणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा या पदाचे एक कार्यालय लखनौपासून जवळ, रायबरेलीत निघाले.

आपल्याकडे मुंबईत याच सुमारास दुसरा मध्यस्थ घडत होता. गिरणीतला जॉबर रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या पोराला खात्यात लावायचा, चाळीत जागा बघून द्यायचा, वेळेला उसने द्यायचा आणि दस्तुरी घ्यायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. मालकाकडून पगार आणि कामगाराकडून दस्तुरी, असे दोन्हीकडून पैसे घेणारा हा माणूस कामावर ठेवू शके आणि काढूही शके. त्यातूनच घोळ झाला. कामगार जितका वारंवार बदलेल तितकी दस्तुरी जास्त, म्हणून खाते अस्थिर राहणे जॉबरच्या फायद्याचे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले, आणि १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली ती जॉबरच्या हातातली ही सत्ता कमी करण्यासाठीच.

बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीत मुकादम आजही आहे. कारखान्याकडून उचल घेऊन तो कोयत्यांना, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांना वाटतो, टोळी जमवतो, आणि तोडणीच्या मजुरीवर टक्क्याने कमिशन घेतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बैठकीत तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले तेव्हा त्याच कराराने मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढवले. इथे एक बारीक गोष्ट आहे. कमिशन तोडलेल्या उसावर असल्यामुळे टोळी टिकावी, पळू नये, हंगामभर राबावी यात मुकादमाचा स्वार्थ आहे. जॉबरला माणूस बदललेला हवा असे, मुकादमाला तो अडकलेला हवा असतो. दोघेही मध्यस्थच, मोबदला मोजण्याची जागा वेगळी म्हणून वागणे वेगळे.

पैसे न घेणारे मध्यस्थही आपल्याकडे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभरातल्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याची दुकाने चालवतात, उत्तर प्रदेशातही. गावाकडचा पोरगा चुलत्याच्या, मामाच्या दुकानात येतो. भरतीचा खर्च शून्य, कारण पहिली काही वर्षे तो शिकाऊ म्हणून कमी पैशांत राबतो आणि खर्च तिथे वसूल होतो. याला मी शोषण म्हणणार नाही. त्यातून कित्येकांनी पुढे स्वतःची दुकाने टाकली. पण मध्यस्थी फुकट होती असेही म्हणता येणार नाही.

सरकारने मध्यस्थाची जागा स्वतः घेऊन पाहिली. १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रे निघाली, १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक झाले. आमच्या आधीच्या पिढीला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड आठवत असेल. जागा कळवायची सक्ती होती, तिथूनच माणूस घ्यायची नव्हती, आणि त्या फटीतून खासगी एजन्सी वाढल्या. १९६९ मध्ये कोलकात्यात एबीसी कन्सल्टंट्स, १९९२ मध्ये चेन्नईत मा फॉय, आणि १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम. या शेवटच्या घटनेने धंद्याचा पाया हलवला. पूर्वी एजन्सीची खरी मालमत्ता म्हणजे तिच्या कपाटातल्या फायली होत्या. आता तेच सीव्ही पैसे भरणाऱ्या कोणालाही दिसू लागले. ‘माझ्याकडे माणसे आहेत’ हे सांगून फी मागणे अवघड झाले.

आता या क्षेत्रातल्या मुख्य पद्धती. जगभर त्या चार आहेत आणि बाकी सगळ्या त्यांच्या मिसळी.

पहिली आणि भारतात सर्वांत रुळलेली म्हणजे यशावर फी. माणूस रुजू झाला तरच पैसे. दर वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण पगारखर्चाच्या, ८.३३ टक्के : बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. अवघड जागांना तो वाढतो, घाऊक भरतीला घटतो. एक बिल उघडून पाहू. उमेदवाराचा सीटीसी १२ लाख. फी ९९,९६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १७,९९३. बिल साधारण १,१७,९५३ रुपयांचे. जीएसटी सरकारजमा होतो, फीवर १० टक्के टीडीएस आधीच कापला जातो. बिल रुजू झाल्यानंतर निघते, त्यापुढे तीस-पंचेचाळीस दिवसांची मुदत, आणि प्रत्यक्षात पैसे यायला त्याहून जास्त. करारात बहुधा तीन महिन्यांची बदली-हमी असते : माणूस त्याआधी सोडून गेला तर दुसरा फुकट द्यायचा किंवा फी परत. आणि नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. म्हणजे रिक्रूटरने आज फोन केला तर त्याचे पैसे पक्के व्हायला सात-आठ महिने लागू शकतात. शिवाय हीच जागा कंपनीने आणखी चार एजन्सींना दिलेली असते, त्यामुळे पाचातल्या चौघांचे काम पूर्ण वाया जाते.

हे एकदा समजले की उमेदवाराच्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ सापडते. रिक्रूटर एवढ्या घाईत का असतो? कारण सीव्ही आधी पाठवेल त्याचा उमेदवार. मुलाखतीत नापास झाल्यावर तो फोन का उचलत नाही? त्याच्या दिवसातले ते मिनिट आता बिनपैशाचे आहे. मला हे वागणे पटत नाही आणि मी ज्यांना कामाला घेतले त्यांना तसे वागू दिले नाही. पण ते केवळ उद्धटपणातून येते हा समज चुकीचा आहे. पगाराची घासाघीस हे तर याचे सर्वांत बोलके उदाहरण. फी टक्क्याने मिळते, म्हणून तो माझा पगार वाढवून घेईल, असे उमेदवाराला वाटते. गणित करून बघा. पगार १२ लाखांवरून १३ लाखांवर गेला तर त्याची फी ८,३३० रुपयांनी वाढते. तेवढ्यासाठी ताणून धरले आणि कंपनी मागे फिरली तर ९९,९६० जातात. तो ताणणार नाही. तो दोघांनाही लवकर ‘हो’ म्हणायला लावील. म्हणून आपला खरा आकडा उमेदवाराने स्वतः, सुरुवातीलाच आणि स्पष्ट सांगावा.

दुसरी पद्धत रिटेनरची, म्हणजे शोधाची. मोठ्या पदांसाठी. वार्षिक मोबदल्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी फी आणि ती तीन हप्त्यांत : काम हाती घेताना, निवडक नावे दिल्यावर, माणूस ठरल्यावर. ही परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतली. बॉयडन १९४६ मधली, हायड्रिक अँड स्ट्रगल्स १९५३ मधली. १९६४ मध्ये झुरिकला काम सुरू करणाऱ्या एगॉन झेंडर यांनी टक्केवारीच नाकारली आणि ठरावीक रक्कम घ्यायची पद्धत पाडली. पगार जास्त ठरला म्हणून सल्लागाराला जास्त मिळू नये, नाहीतर त्याच्या सल्ल्यावर ग्राहकाने विश्वास का ठेवावा, असा त्यांचा विचार. मला या क्षेत्रातला हा सर्वांत प्रामाणिक विचार वाटतो, आणि सर्वांत कमी अनुकरण झालेलाही.

तिसरी पद्धत स्टाफिंगची. इथे माणूस एजन्सीच्या पगारपत्रकावर राहतो, काम दुसरीकडे करतो, आणि एजन्सी पगारावर काही टक्के सेवाशुल्क दर महिन्याला लावते. लखनौत, राज्याच्या राजधानीत, हा प्रकार सर्वांत मोठा आहे आणि सर्वांत कमी समजून घेतला गेलेला. सरकारी कार्यालयांतले संगणक चालक, वॉर्डबॉय, सफाई कामगार, चौकीदार मोठ्या संख्येने अशाच एजन्सींमार्फत लागलेले. कंत्राट सर्वांत कमी सेवाशुल्क मागणाऱ्याला. मग एजन्सी शून्याच्या जवळची बोली लावू लागल्या. शंभर माणसांचे, दहा हजारांच्या पगाराचे कंत्राट जवळपास फुकट चालवायला कोण आणि का पुढे येतो? उत्तर त्या शंभर जणांना ठाऊक असते. कामावर घेताना ‘सिक्युरिटी’ म्हणून घेतलेली रक्कम, गणवेशाचे पैसे, पीएफ कापून वेळेवर न भरणे, हजेरीतले दिवस खाणे. कागदावर शून्य असलेली फी कामगाराच्या खिशातून निघते. केंद्राने सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मनुष्यबळ सेवेसाठी किमान ३.८५ टक्के सेवाशुल्काची अट घातली ती या शून्य बोल्या थांबवण्यासाठी. ३.८५ टक्के म्हणजे वरच्या उदाहरणात महिन्याला ३८,५०० रुपये. खात्याने पगाराचे बिल तीन महिने अडवले तर त्यातला मोठा भाग व्याजातच जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने आउटसोर्स सेवा निगम स्थापण्याचा निर्णय घेतला : एजन्सीची निवड निगम करणार, पगार १६ ते २० हजार, आणि तो महिन्याच्या १ ते ५ तारखेच्या आत थेट खात्यात. पगाराची रक्कम एजन्सीच्या हातातूनच जाऊ द्यायची नाही, हा यातला खरा बदल. तो निभावला जातो की नाही, हे लखनौकडे पाहत राहण्याचे मोठे कारण आहे.

चौथी पद्धत म्हणजे नोकरी मागणाऱ्याने पैसे देणे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३३ पासूनच फी घेणाऱ्या एजन्सींविरुद्ध भूमिका घेतली, आणि १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराने कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष फी घेऊ नये हे तत्त्व लिहून ठेवले. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याने अशी फी घेण्यावर बंदी आली. आपण परदेशी नोकरीसाठी फीची मर्यादा घातली. देशातल्या नोकरीसाठी देशभर लागू होईल असा स्पष्ट मनाई हुकूम नाही, बाजाराचा संकेत आहे. चांगली एजन्सी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हा संकेत.

परदेशी नोकरीत ३५,४०० चे लाख कसे होतात, ते एकदा एका कागदावर पाहिले. कुशीनगरकडच्या एका सुताराने तो घडी करून पाकिटात ठेवला होता. वहीचे फाडलेले पान, त्यावर पेनाने ओळी : मेडिकल, व्हिसा, स्टॅम्पिंग, तिकीट, सर्व्हिस, आणि शेवटी फक्त ‘अन्य’. प्रत्येकापुढे रक्कम, खाली बेरीज. नाव नाही, सही नाही, शिक्का नाही. यातला ‘व्हिसा’ हा शब्द कळीचा. आखातातल्या मालकाच्या वतीने कोणीतरी व्हिसा विकतो, तो मुंबई किंवा दिल्लीचा एजंट घेतो, त्याच्याकडून लखनौ-गोरखपूरचा, त्याच्याकडून गावातला. ज्या मालकाने भरतीचा खर्च द्यायला हवा तोच वरच्या टोकाला पैसे घेत असतो, आणि साखळीतला प्रत्येक जण आपला वाटा खालच्याच्या अंगावर ढकलतो. गावातला उपएजंट कायद्याने मुळात अस्तित्वातच नाही. पण सुताराला ओळखणारा तोच. त्याच्याशिवाय सुताराला परदेशी नोकरीचे सरकारी ई-मायग्रेट पोर्टल कोण दाखवणार, हा प्रश्न मी सरकारी अधिकाऱ्यांनाही विचारत आले आहे. उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये रोजगार मिशन काढून राज्यानेच परदेशी भरतीचा परवाना घ्यायचे ठरवले. केरळ १९७७ पासून आपल्या महामंडळामार्फत हे काम करत आले आहे. शासन उतरले की भाव खाली येतो, हे अलीगंजने दाखवले. अर्थात शुल्क कमी म्हणून नोकरी सुरक्षित, असे नाही. युद्धाच्या सावलीतल्या देशात माणसे पाठवताना शासनाची जबाबदारी उलट वाढते.

हे सगळे आत्ताच का वाचायचे? कारण मध्यस्थ आता दिसेनासा झाला आहे. व्हॉट्सअॅपवर कोणी एक ‘एचआर’ मेसेज करते, मुलाखत चॅटवर होते, ऑफर लेटर पीडीएफमध्ये येते आणि ‘लॅपटॉप डिपॉझिट’ मागितले जाते. २०२४ मध्ये रशियात मदतनिसाची नोकरी म्हणून गेलेली भारतीय मुले आघाडीवर पोहोचली आणि सीबीआयला गुन्हे नोंदवावे लागले. म्यानमार, कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डेटा एंट्रीच्या नावाने माणसे नेली गेली. दुसरीकडे सीव्ही चाळण्याचे काम यंत्र करू लागले आहे, आणि यशावर फी घेणाऱ्या एजन्सीचा एकमेव फायदा, वेग, तोही आता कोणाकडेही आहे. १९८३ चा उत्प्रवास कायदा बदलण्याचा मसुदा २०२५ मध्ये आला. नियम नव्याने लिहिले जात असतानाच लोकांना जुने माहीत असायला हवेत.

रिक्रूटरबरोबर काम कसे करावे, यावर इथे थोडेच सांगते. आमच्याकडे एकदा बाराबंकीच्या एका मुलीचा सीव्ही दोन एजन्सींकडून आला. तिने दोघांनाही ‘पाठवा’ म्हटले होते, कंपनीचे नाव एकानेही सांगितले नव्हते. दोन्ही एजन्सी फीवर हक्क सांगू लागल्या, ईमेलच्या वेळा काढल्या गेल्या, आणि कटकट नको म्हणून वरिष्ठांनी तिचे नावच यादीतून काढायला सांगितले. ती त्या जागेसाठी सर्वांत योग्य होती आणि तिला कारण कधीच कळले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला हेच सांगते : कंपनीचे नाव कळल्याशिवाय सीव्ही पाठवायला होकार देऊ नको, कोणाला कोणत्या जागेसाठी होकार दिलास ते तारखेसह लिहून ठेव. रिक्रूटरला विचार, ही जागा तुमच्या एकट्याकडे आहे की इतरांकडेही? प्रामाणिक माणूस खरे सांगतो. त्यालाही खरे सांग : सध्याचा पगार, दुसऱ्या ऑफर, नोटीस. आणि ऑफर स्वीकारून ती दुसरीकडे भाव वाढवायला वापरणार असशील, तर ज्याचे आठ महिन्यांचे काम त्यात बुडते तो माणूस पुढे तुझे नाव कोणापुढे ठेवणार नाही, हे धरून चाल.

कंपन्यांना मला जास्त कठोरपणे सांगायचे आहे. पाच एजन्सींना एकच जागा देऊन, दर ८.३३ वरून ६ वर आणून, बिल नव्वद दिवस अडवून, वर ‘चांगले सीव्ही येत नाहीत’ अशी तक्रार करणारे मालक मी लखनौतही पाहिले आणि पुण्यातही. त्या दरात आणि त्या शक्यतेत रिक्रूटरला परवडते ते एवढेच, की पोर्टलवरून सापडतील तेवढे सीव्ही पाठवावेत. एकाच एजन्सीला ठरावीक मुदतीसाठी जागा द्या, पहिल्या तीन सीव्हींवर दोन दिवसांत मत कळवा, बिल वेळेवर द्या. एवढ्याने तोच रिक्रूटर वेगळा माणूस असल्यासारखा वागतो, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

या पुस्तकात अनुभवकथने आहेत, करारांचे नमुने आहेत, बिलांची चिरफाड आहे, आणि आरकाट्यापासून अॅपपर्यंतचा इतिहासही. त्यांचा क्रम काळानुसार न लावता पैसे कोण देतो यानुसार लावला आहे : आधी मालक देतो ते, मग कामगार देतो ते, आणि शेवटी कोणीच देत नाही असे दिसते ते. त्यामुळे ऊसतोडीचा मुकादम आणि आयटीतली स्टाफिंग कंपनी शेजारी शेजारी आले आहेत. काही वाचकांना ते खटकेल. मला ते योग्य वाटते. घरकामगार पुरवणाऱ्या एजन्सी आणि वीटभट्टीचे ठेकेदार यांच्यावर इथे प्रकरण नाही. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे, आणि ते त्या कामातल्या माणसांनी लिहायला हवे.

रिक्रूटरना खलनायक ठरवायचा हेतू कुठेही नाही. या पेशात मी अशी माणसे पाहिली आहेत, की ज्यांनी फी मिळणार नाही हे कळल्यावरही उमेदवाराला ‘ही नोकरी घेऊ नकोस’ असे सांगितले. त्यांच्यापैकी काहींनी या पुस्तकासाठी आपले हिशोब उघडे केले, नाव न छापण्याच्या अटीवर. टक्के, मर्यादा आणि नियम बदलत राहतात. परदेशी नोकरीचा विचार करणाऱ्याने पैसे देण्याआधी एजंटाची नोंदणी ई-मायग्रेटवर स्वतः तपासावी, रक्कम बँकेतूनच द्यावी आणि पावती घ्यावी. घरात कोणाला पोर्टल चालवता येत नसेल, तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला बसवून घ्यावे.